मिसेस डिमेलोंची नोकरी

भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक गाळ्यात स्टीलचे डबे आणि बरण्या बनवणारी ती कंपनी बाहेरून बघणाऱ्याला फार मोठी वाटायची. सेल्सचा ईमेल पत्ता वेगळा, अकाउंट्सचा वेगळा, सपोर्टचा वेगळा, एचआरचा वेगळा आणि लीगलचाही वेगळा. गिऱ्हाइकाला वाटावं, पाच मजल्यांवर पाच खाती बसली असतील. प्रत्यक्षात पोटमाळ्यावर एक टेबल होतं, त्यावर एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे उत्तनजवळच्या पाली गावची जागृती. पाचही खात्यांच्या मेल्स तिच्याच पुढ्यात येऊन पडायच्या आणि पाचांची उत्तरं तीच द्यायची. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो इथं वासासुद्धा नव्हता.

हे सगळं मालक निकेतसाहेबांच्या डोक्यातून निघालेलं. बापानं गाळा घेतला, मशिनं बसवली, घाम गाळला. मुलानं पत्ते उघडले. "माणसं वाढवून कंपनी मोठी होत नाय, इम्प्रेशननं होते," असं ते जागृतीला सांगायचे. सांगताना आपण काहीतरी थोर बोललो अशा चेहऱ्यानं तिच्याकडं बघायचे. जागृती मान हलवायची. माणूस मूर्ख आहे हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. भित्रा आहे हे कळायला महिना लागला.

काम तसं किचकट होतं. मेल ज्या पत्त्यावर आली त्याच पत्त्यावरून उत्तर जायला हवं, आणि उत्तर लिहिताना वरच्या चौकटीत मागच्या मेलचा पत्ता तसाच चिकटून राहिलेला असायचा. तो बदलायचा, खालची सही बदलायची, भाषाही बदलायची. सेल्सनं लाडीगोडी लावायची, अकाउंट्सनं तुटक बोलायचं. नवीन असताना एकदा तिची चूक झाली. वसईच्या एका दुकानदारानं बरणीचं झाकण सैल बसतं म्हणून तक्रार केली होती, त्याला सपोर्टऐवजी लीगलवरून उत्तर गेलं. जागृतीला घाम फुटला. पण दुकानदारानं घाबरून उलट माफीच मागितली, झाकण आपल्याच हातून वाकलं असेल म्हणाला. साहेबांना ही चूक इतकी आवडली, की त्या दिवसापासून सगळ्याच तक्रारींना लीगलवरून उत्तर द्यायचं फर्मान निघालं. सैल झाकण घट्ट करण्यापेक्षा गिऱ्हाइकाचं तोंड बंद करणं या माणसाला सोपं वाटत होतं.

एचआरला मात्र त्यांनी नाव दिलं होतं, मिसेस डिमेलो. या बाई म्हणे अंधेरीच्या ऑफिसात बसतात. अंधेरीला कंपनीचं ऑफिस नव्हतं आणि जगात या बाई नव्हत्या. "ख्रिश्चन नाव असलं की लोकांना वाटतं, बाई कडक असणार," साहेब म्हणाले होते. जागृती उत्तनच्या डिमेलो बायकांच्या मांडीवर खेळून वाढलेली. मासळी वाळवताना एकमेकींना शिव्या घालणाऱ्या आणि दारात आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या त्या बायका तिच्या डोळ्यांपुढे आल्या. काय पण कडक, तिला वाटलं.

मिसेस डिमेलोंचं काम एकच, नाही म्हणणं. कुणाची रजा मंजूर करायची असली तर साहेब स्वतः खाली उतरायचे, पाठीवर हात ठेवून "जा रे, घरचं बघ" म्हणायचे आणि दोन दिवस त्या मोठेपणात फिरायचे. नकार द्यायचा असला की मात्र मेल यायची, आणि ती डिमेलोबाईंची असायची. खालची पोरं त्या बाईला मनसोक्त शिव्या घालायची, साहेबांना दुवा द्यायची. आठ वर्षांत एचआरच्या पत्त्यावरून एकही रजा मंजूर झाली नव्हती.

त्या ऑगस्टात जागृतीवरच वेळ आली. तिचा बाप तुळशीराम, सगळं आयुष्य बोटीवर गेलेला. एक डोळा तरुणपणीच दोराचा फटका बसून गेला होता. उरलेल्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. दोनदा घराच्या पायरीवरून पडून झालं होतं. दोन महिने खेटे घातल्यावर सरकारी इस्पितळात सोमवारची तारीख मिळाली होती. ही हुकली तर पुढची थेट दिवाळीनंतर, आणि तोवर पिकलेला डोळा थांबेल का याची डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. ऑपरेशननंतर सहा दिवस दर दोन तासांनी औषध घालायचं. आई नाही, भाऊ भूपेश बोटीवर. घालणार कोण? जागृतीच.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी सगळं ऐकलं, हळहळले. "मला काय प्रॉब्लेम नाय गं," ते म्हणाले, "पण सिस्टम आहे ना. एचआरला मेल टाक."

तिनं स्वतःच्या पत्त्यावरून एचआरला अर्ज पाठवला, आणि टेबलावर येऊन तो स्वतःच उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पोटमाळ्यावर आले. तिच्याकडं पाठ करून खिडकीशी उभे राहिले. "लिही," म्हणाले. "डियर जागृती." तिनं वरच्या चौकटीतला पत्ता बदलला, एचआर केला आणि लिहिलं, डियर जागृती. येत्या गुरुवारी मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना तपासायला येणार आहेत, त्यांचा मुक्काम सोमवारपर्यंत लांबू शकतो, सबब रजा देता येत नाही, घरी अन्य व्यवस्था करावी, मिसेस डिमेलो. स्वतःच्या बापाचा डोळा स्वतःच्याच बोटांनी नाकारून तिनं मेल पाठवली. ती लगेच तिच्याच पुढ्यात येऊन पडली.

"काय म्हणते एचआर?" खिडकीबाहेर बघतच साहेबांनी विचारलं.

"नाही म्हणतेय."

"अरेरे," साहेब म्हणाले. "मी बोलून बघतो हां त्यांच्याशी."

आणि ते जिना उतरून गेले. ही भाकडकथा निदान तिच्यापुढे तरी सांगू नये, एवढीही लाज त्या माणसाला नव्हती. जागृतीला राग आला नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी माणसात जमा असावा लागतो.

गुरुवारी तपासणीची मंडळी आली. त्यांची प्रमुख मनाली नावाची एक चौकस बाई होती. डबे तिनं पाच मिनिटांत पाहिले आणि मग कामगारांचं विचारायला लागली. रजा कोण देतं? साहेबांची छाती फुगली. "एचआर पूर्ण स्वतंत्र आहे मॅडम. मिसेस डिमेलोंचा शब्द फायनल. त्यांनी हो म्हटलं तर मीसुद्धा नाय म्हणू शकत नाय."

"छान," मनाली म्हणाली. "मग एचआरनं अलीकडे मंजूर केलेली एखादी रजा मला मेल करा. आत्ताच. मी खाली पॅकिंग बघते."

साहेब धावत पोटमाळ्यावर आले. "एक मंजुरी पाठव तिला, एचआरवरून."

"एकही नाहीये सर."

"नाय तर बनव ना. हे पण मी शिकवू का?" आणि ते पुन्हा मनालीच्या मागे पळाले.

जागृतीनं एचआरचा पत्ता निवडला. डियर जागृती, तुमच्या अर्जाचा फेरविचार केला. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोमवारपासून सहा दिवसांची रजा मंजूर करण्यात येत आहे. इतर कुणाच्याही परवानगीची गरज नाही. मिसेस डिमेलो. एक प्रत मनालीला, एक निकेतसाहेबांना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं वरचा पत्ता न तपासता बटण दाबलं.

खाली मनालीनं फोनवर वाचलं आणि सगळ्यांसमोर साहेबांचं कौतुक केलं. इतकं माणुसकीचं एचआर तिनं या भागात पाहिलं नव्हतं म्हणे. साहेबांना हसावं लागलं, मानही डोलवावी लागली.

संध्याकाळी मनालीची गाडी निघून गेल्यावर ते वर आले. आता हा काढणार आपल्याला, जागृतीनं ओळखलं. खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. एकदा तरी त्यांनी समोर उभं राहून, डोळ्यांत बघून, स्वतःच्या तोंडानं काहीतरी बोलावं. ते खिडकीशी गेले आणि त्यांनी पाठ केली.

"मॅनेजमेंट नावाचा एक नवीन पत्ता उघड," ते म्हणाले. तिनं उघडला. "आता लिही. डियर मिसेस डिमेलो. मॅनेजमेंटचा तुमच्यावरचा विश्वास उडाला आहे. उद्यापासून कामावर येऊ नये." त्यांचा आवाज संतापानं थरथरत होता. जगात नसलेल्या बाईला कामावरून काढताना त्यांना खरोखरचा घाम आला होता. जागृतीनं सगळं नीट लिहून पाठवलं. साहेबांनी हुश्श केलं आणि तिच्याकडं न बघता खाली गेले.

सोमवारी इस्पितळातल्या बाकावर तुळशीराम डोळ्यात औषध घालून, मान मागे टाकून बसला होता. शेजारी जागृती.

"सायबानं रजा दिली काय गो?"

"साहेबानं नाही बाबा. एक बाई होती, तिनं दिली."

"बरी बाय हाय. तिला जरा सुकट नेऊन दे."

"तिला काढली साहेबानं."

"रजा दिली म्हणून?"

"हो. आणि ते पत्र मलाच लिहायला लावलं."

"आनि तू लिवलंस?"

"लिहिलं."

तुळशीरामनं मान सरळ केली. औषधानं धूसर झालेला एकुलता डोळा त्यानं तिच्या दिशेनं वळवला. "तो सायब तर नामर्द हाय, ता कळला," तो म्हणाला. "तू कशाला ऱ्हातेस त्याच्याकडं?"

तेवढ्यात नर्सनं तुळशीरामच्या नावाचा पुकारा केला. उत्तर द्यावं लागलं नाही म्हणून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याच्या लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचा हात धरून ती उठली.