खिडकीतून उतरव तिले

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. त्यात नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली... दिवसभर कानाला हेडफोन. एकदा ऐकलेला आवाज मी विसरत नाही, म्हणून हे छातीठोकपणे सांगते.

सत्तरच्या दशकाचा शेवट. नागपुरात सक्करदरा तलावाजवळ आम्ही भाड्याने राहायचो. इंग्रजांच्या काळातलं बैठं घर, खिडक्यांना जाडजूड हिरवा ऑइलपेंट, पापुद्रे सुटलेला. माझ्या चिंगीला तेव्हा दात येत होते. लेकराला खिडकीत बसवायचं, काऊ दाखवायचा अन् वरणभात भरवायचा — आपल्याकडे घरोघरी हेच. मधूनमधून ती चौकट चावायची. हिरड्या शिवशिवत असतील, चावू दे, असं मी म्हणायची अन् सासूबाईही.

एका दुपारी घास पुढे केला आणि मागून बाईचा आवाज आला — "खिडकीतून उतरव वं तिले!"

वळून पाहिलं. कोणी नाही. "कोण आहे?" मी ओरडले.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. "काहून वं, कोणाशी बोलून राहिली?"

शेजारचा रेडिओ असेल, म्हटलं. पण नंतरही तेच, आणि फक्त चिंगी खिडकीत असली की! आवाज ओळखीचा नव्हता. रागावलेलाही नव्हता हो... घाबरलेला होता.

इकडे चिंगी सुकत चालली. पोट धरून रडायची, घास थुंकायची, चेहरा पांढराफटक. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, गल्लीतल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. काही फरक नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

दिवाळीच्या रंगकामाला श्यामराव पेंटर आले. त्यांनी कोरडाच घासकागद चालवायला घेतला, घरभर हिरवी धूळ. मी आत चिंगीला झोपवून बाहेर आले, तर श्यामराव चौकटीवर पाणी मारून राहिलेले!

"हे काय श्यामराव?"

"आता तुम्हीच तं म्हणाल्या ना बाई! पाणी मारून घास, लेकराले घराबाहेर न्यावं लागते, हा रंग पोटात गेला तं वाईट."

मी तोंडही उघडलं नव्हतं. सासूबाई देवळात गेलेल्या. चिंगीला उचललं आणि तडक मोठा दवाखाना गाठला. पोर खिडकीचा रंग चावते, एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला लावलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं म्हणाले, आणि तेच तिच्या रक्तात निघालं. "अजून थोडा उशीर केला असता तर..." असं म्हणत त्यांनी तिला लगेच वॉर्डात भरती करून घेतलं.

ती वॉर्डात असेपर्यंत सगळा रंग ओला करूनच खरवडला. पापुद्रे ओल्या कागदात गुंडाळले, झाडू अजिबात नाही, फरशी ओल्या फडक्याने पुसली. तुमच्याकडे जुना रंग असेल तर हे असंच करा, मी बजावून सांगते.

चिंगी बरी झाली. तिला घरी आणायच्या आधी, खालचा थर खरवडायचा बाकी असताना, मी ती चौकट नीट पाहिली. हिरव्याखाली जुना पिवळा रंग निघाला होता, आणि त्या पिवळ्यावर इवल्याशा दातांच्या खुणा. हिरवा रंग तर आमच्या येण्याआधीचाच. म्हणजे त्या चिंगीच्या नव्हत्या. घरमालकांनी घर विकत घेतलेलं, आधी कोण राहायचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आवाज पुन्हा कधी आला नाही. माझी पोर त्या बाईने वाचवली, एवढं खरं. तिचं लेकरू वाचलं होतं का हो?