देवाने धरलेली जागा

माघात डॉक्टरांनी सांगितले की हिची, माझ्या पत्नीची, मूत्रपिंडे काम करत नाहीत आणि आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस करावे लागेल.

आमचे गाव किल्लारीजवळ. लातूरची बस फाट्यावर येते ती बहुतेक भरूनच. जागा धरायची इथे एकच रीत आहे. खिडकीतून रुमाल आत टाकायचा. ज्याचा रुमाल, त्याची जागा. माझे आयुष्य वाचनालयात गेले. मला हे कधी जमले नाही, खरे तर कमीपणाचे वाटे. पण हिला उभे राहवत नसे. एकदा गर्दीत बस सुटली आणि पुढच्या बसने पोचेपर्यंत यंत्रावरची आमची वेळ दुसऱ्याला गेली. मग दोन दिवस हिला धाप लागत होती. त्या दोन्ही सकाळी मी पूजा केली नाही.

ही मात्र पूजेतला बाळकृष्ण फडक्यात बांधून दवाखान्यात नेत असे. पुढच्या खेपेला बस आली, तसे मी हिच्या हातातले फडके ओढले आणि खिडकीतून आत टाकले.

"अहो, देव होता त्यात!"

मी दाराकडे धावलो. दारात माणसे अडकली होती. मागून ही म्हणाली, "ढकलू नका. आधी त्याला बसू द्या, मग तो आपलं बघंल."

आत पोचलो तेव्हा बसमध्ये एकच जागा रिकामी होती. तिच्यावर फडके होते आणि शेजारी बुरख्यातल्या एक वयस्क बाई दांडा धरून उभ्या होत्या. गाठ सैल होऊन बाळकृष्णाचा रांगता गुडघा बाहेर आला होता.

"तुम्ही बसायचं होतं की," मी म्हणालो.

"कशी बसू? तुमचा देव बसलाय. लई जणांना हाकललं मी. या अम्मा, बसा. माझेबी गुडघे दुखून राहिले, पण तुमचं तोंड बघा कसं उतरलंय."

ही बसली आणि त्यांच्यासाठी सरकली. दोघी त्या एका जागेवर बसल्या, देव मांडीवर.

कंडक्टर आला. "सर, देवाचं तिकीट?"

"पंचाहत्तरीच्या पुढचा हाय तो," ही म्हणाली. "त्याला फुकट."

माघापासून मी हिला हसताना पाहिले नव्हते.

याला मी चमत्कार म्हणत नाही. माझ्या हातून गेलेले सांभाळायला कोणीतरी आधीच आत उभे होते, एवढे मी पाहिले. हातातले सोडून द्यावे, हे मी पुस्तकांत पुष्कळ वाचले होते. प्रत्यक्षात ते माझ्याकडून चुकून झाले. त्या चुकीबद्दल मी कृतज्ञ आहे.

श्रावणात ही गेली. देव देव्हाऱ्यात आहे, पूजा मी करतो. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मला लातूरला जावे लागते. फडके खिशात असते. बस आली की ते खिडकीतून टाकतो आणि थांब्यावर जो सर्वांत थकलेला असेल, त्याला ती जागा देतो. मला अजून उभे राहता येते.