गोळी लागते

सैनिकाच्या अंगावरची प्रत्येक खूण म्हणजे देशावरचं ऋण असतं. वाक्य माझं नाही. पंधरा ऑगस्टला खुटबावच्या शाळेत आबांनी, म्हणजे आमच्या माजी सरपंचांनी, माझ्या डाव्या पायाकडे बघत ते माइकवर उच्चारलं.

पायाची हकीकत साधी आहे. युद्धाच्या काळात आमची तुकडी सीमेवर एका कालव्याच्या काठाला होती. शत्रूनं मला पाहिलंसुद्धा नसेल. मला डास चावला. मलेरिया मेंदूत गेला, शुद्ध आली तेव्हा डावी बाजू लुळी. पुढे अधूनमधून फिट यायला लागली, तिच्यावर रोजची गोळी सुरू झाली. गावी परतलो तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, "आता बरं हाय न्हवं?" मी म्हणालो, "बरंय, पण गोळी लागते." गावानं तेवढी गोळी उचलली. नंतर ज्याला खरं सांगावं, तो माझ्या विनयाचं कौतुक करी.

आमच्या तुकडीतल्या एकाला खरोखरच गोळी लागली होती. तो घरी आला नाही. त्याच्या वाटणीची शाल दरवर्षी माझ्या खांद्यावर पडते, आणि थंडीत मी ती वापरतो.

यंदा फ्लेक्सवर 'शत्रूची गोळी झेलणारा वाघ' असं छापलं होतं. शिवाय चौकाला माझं नाव. निघताना बायको म्हणाली, "आज सांगून टाका. मला बायांत मान वर करून बसवत न्हाई."

म्हणून मी माइक घेतला. "मंडळी, मला गोळी लागली नाही. डास चावला. गोळी लागते ती आता. रोज, जेवण झाल्यावर."

मग मागून एक म्हातारे मामा कळवळले, "आरारारा! म्हंजी आजून आतच हाय व्हय?"

"जेवल्यावर पोट फुगतं, तवा टोचत आसंल," शेजारच्यानं खुलासा केला.

"आन् ते डासाचं काय म्हनलं?"

"शत्रूला डास म्हनत्यात, मामा. वाघ हाय!"

टाळ्या थांबेनात. आबांनी डोळे पुसले. बायको बायांच्या रांगेत पदराशी चाळा करत खाली बघत होती. मीही खालीच बघत होतो, तर फोटोवाला म्हणाला, "साहेब, मान वर."

चौकात आता माझ्या नावाचा फलक आहे. त्याच्या बुडाशी गटार तुंबलंय. संध्याकाळी तिथं डास फार.