भागूबाईचं वाचन

सुनीतीबाई पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत सात वर्षं शिकवत होत्या. माणूस कामाला चोख. त्या मूळच्या नगरच्या. वडील नृसिंहराव हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी पोरांपैकी कुणी ‘पानी’ म्हटलं, तर ‘पाणी’ म्हणेपर्यंत पेला पुढे सरकायचा नाही. बाईंना त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

दिवाळी झाली की वस्ती निम्मी रिकामी व्हायची. जीप भरभरून माणसं ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे जायची आणि त्यांच्याबरोबर बाईंच्या तिसरी-चौथीच्या वर्गातली नऊ-दहा पोरंही. ती चैत्रात परत यायची तेव्हा जोडाक्षरं विसरलेली असायची. म्हणून बाईंनी वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. रोज सकाळी त्या धड्याच्या पानाचा फोटो टाकायच्या आणि तो धडा स्वतःच्या आवाजात वाचून पाठवायच्या. पोरांनी संध्याकाळी तोच धडा वाचून आवाज परत पाठवायचा. पहिल्याच वर्षी फरक दिसला. केंद्रप्रमुखांनी बैठकीत बाईंचं नाव घेतलं.

त्यातूनच बाईंना हुरूप आला आणि त्यांनी इन्स्टाग्रामवर शुद्ध उच्चारांचे छोटे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. सुरुवातीला ते शे-दोनशे लोक बघायचे. कुणी ‘छान समजावलंत’ असं लिहिलं की बाईंचा दिवस चांगला जायचा.

पंकजा नावाची तिसरीतली मुलगी पुढच्या वर्षी आईवडिलांबरोबर तोडीला गेली होती. वडील सहादेव, आई भागूबाई. जानेवारीतल्या एका संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवरून धडा आला, पण आवाज पंकजाचा नव्हता. भागूबाई एकेक शब्द चाचपत वाचत होती, “येनूच्या अंगनात पान्याचा रांजन हाय.” पुस्तकात ‘आहे’ छापलेलं, तरी तिच्या तोंडून ‘हाय’च आलं. शेवटी ती म्हणाली होती, “बाई, पंकजा झोपली. म्या वाचलं. बराबर हाय का, सांगा.”

बाईंनी नेहमीसारखा अंगठा पाठवला. बरोबर आहे की नाही, ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी नवा व्हिडिओ करताना त्यांना तो आवाज आठवला. ‘ण’ आणि ‘न’ समजावायला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार होतं? त्यांनी तो आवाज घेतला. शेवटचं ‘बराबर हाय का’ जास्तीचं वाटलं म्हणून कापलं. चोवीस सेकंद उरले. त्यावर स्वतःचा कपाळाला हात लावलेला चेहरा टाकला, मागे हसण्याचा आवाज जोडला आणि मग फळ्यावर ‘अंगण’, ‘पाणी’, ‘रांजण’ लिहून उच्चार शिकवला. नाव कुठे घातलं नाही. त्यामुळे यात कुणाचा अपमान होतोय, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

तो व्हिडिओ आठवड्याभरात दोन लाख लोकांनी पाहिला. नृसिंहराव नगरला घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवू लागले. बाई रोज मधल्या सुट्टीत खालच्या प्रतिक्रियांना बोट लावून लावून लाल बदाम द्यायच्या. एवढ्या सगळ्या वाचणार कोण?

पंकजाच्या घरच्या मोबाईलवरून धडे यायचे बंद झाले. रिचार्ज संपला असेल, असं बाईंनी धरून चाललं.

एप्रिलमध्ये ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. पंकजा वर्गात आली, फळ्यावरचं उतरवून घ्यायची, गणितं करायची. पण वाचायला उभी केली की ओठ मिटून घ्यायची. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, “आई म्हन्ली, बाईंपुढं वाचू नको. बाई मोबाईलमधी भरत्यात आन् लोकं हासत्यात.”

बाईंनी त्या दिवशी मोबाईल उघडून खालच्या प्रतिक्रिया पहिल्यांदा नीट वाचल्या. वाचून झाल्यावर त्यांनी व्हिडिओ काढून टाकला.

रविवारी सकाळी त्या भागूबाईच्या घरी गेल्या. पाच महिने बंद असलेलं घर; भागूबाई जमीन सारवत होती. बाईंना बघून तिने हात धुतले, दारात गोधडी अंथरली आणि कोरा चहा टाकला. बाईंना वाटलं होतं, ती रागवेल. रागाला उत्तर त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण भागूबाई सावकाश सांगत गेली.

तिला तो व्हिडिओ तोडीवरच्या शेजारच्या कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, एका पोरीने दाखवला होता. आधी तिला आनंदच झाला. आपण विचारलं होतं, बरोबर आहे का, तर बाईंनी एवढं फळ्यावर लिहून उत्तर दिलं, असं तिला वाटलं. हसण्याचा आवाज मोबाईलचाच असेल म्हणून तिने सोडून दिलं. उसाच्या मोळ्या बांधताना ती ‘अंगण, अंगण’ असं घोकत होती.

“मंग म्या खालचं वाचलं,” भागूबाई म्हणाली. “रोज पंकजाबरुबर तुमचे धडे ऐकून ऐकून मला लावून वाचता येया लागलं हुतं. धड्याबाहीरचं पयल्यांदा वाचलं ते हेच. एकानं लिवलं हुतं, हिला ऊस तोडायला पाठवा. लई येळ लागला वाचायला, पन वाचलं.”

बाईंनी चहाचा कप उचलला.

“त्याच्या खाली तुमचं लाल बदाम हुतं.”

चहा हातातच निवला. वाचलं नव्हतं, असं सांगायला बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. न वाचता बदाम दिला, हे काय सांगायचं आणि कुणाला? एक एक अक्षर जुळवून वाचणाऱ्या बाईला?

पुढचं भागूबाईने थोडक्यात सांगितलं. ती मोळी घेऊन ट्रॅक्टरवर चढायला लागली की टोळीतली माणसं मागून ‘येनूच्या अंगनात’ म्हणायची. सहादेवही एकदा हसला होता. त्यानंतर तिने मोबाईल हातात घेतला नव्हता.

बाईंनी हात जोडले. चुकलं म्हणाल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, की त्या सगळ्यांसमोर माफी मागतील, तसा व्हिडिओच टाकतील.

“व्हिडू नका काढू,” भागूबाई म्हणाली. “पुन्ना माझंच नाव निघंल. तुमी घरी आलात, तेवढं बास झालं.”

परत येताना सुनीतीबाईंना वस्तीवरच्या कुणाच्या नजरेला नजर देववेना. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरीही. पुढचे कितीतरी दिवस त्या मोबाईलवर त्या व्हिडिओच्या नकला शोधत राहिल्या. ज्यांनी तो उचलून आपल्या नावाने टाकला होता, त्यांना काढून टाका म्हणून विनवलं. काहींनी काढला. एकाने उलट लिहिलं, आधी तुम्हीच टाकलात ना?

मे महिन्यात नगरला गेल्यावर त्यांनी वडिलांना सगळं सांगितलं. नृसिंहरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पण उच्चार चुकीचाच होता ना?” वडिलांवर चिडावं, तर जानेवारीत कुणी विचारलं असतं तर बाईंनीही हेच म्हटलं असतं.

दिवाळीनंतर जीप भरायची वेळ आली, तेव्हा भागूबाई शाळेत आली. या वर्षी पंकजा आजीपाशी राहणार होती. “शाळेत तुमच्यापुढं बसंल ती. मोबाईलवर नको,” एवढंच तिने सांगितलं. बाईंनी भागूबाईसाठी मोठ्या अक्षरांचं एक गोष्टींचं पुस्तक काढून ठेवलं होतं. ते पुढे केलं. भागूबाईने पानं चाळली, एका पानावर क्षणभर थांबली आणि पुस्तक बाईंच्या टेबलावर परत ठेवलं. “आल्यावर बघू,” म्हणाली.

पंकजा पुढच्या बाकावर बसू लागली. डिसेंबरात एकदा ती स्वतःहून उभी राहून चार ओळी वाचून बसली. बाईंचा मोबाईल तेव्हा ऑफिसच्या कपाटात होता. आता वर्गात तो त्या आणतच नसत. मधल्या सुट्टीत त्यांनी तो उघडला. ग्रुपवर सकाळचा धडा आठ घरांनी ऐकला होता आणि त्याच्या खाली बारीक राखाडी अक्षरांत एक ओळ आली होती. भागूबाईच्या नंबराने ग्रुप सोडला होता.