आत्याचे धवले आणि माझा सर्व्हर

बॅकअप या विषयात मला शंभरपैकी ब्याण्णव मार्क आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. (घरच्यांचा अजून बसलेला नाही.)

मी नौपाड्यातल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, की हाक मला. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी साहेब म्हणाले, "सर्व्हर सांभाळायची परीक्षा पास हो, मग बढतीचं बघू." झालं! मी घरी जाहीर केलं की यापुढे दोन महिने मला दळणासाठी, दुधासाठी किंवा पाहुण्यांसाठी कुणी उठवायचं नाही. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, हॉलच्या कोपऱ्यात मांडला आणि त्यावर कागद चिकटवला: 'सर्व्हर. हात लावू नये.'

"फडका तरी मारू का?" माझी बायको मनीषा.

"अजिबात नाही! यात आत्याचे धवले आहेत."

आता हे धवले काय, ते सांगायला हवं. आम्ही इथले आगरी. डोंबिवलीला लागून आमचं गाव. भोवती टॉवर उठले, पण आमच्या लग्नात अजून धवलारीण लागते. प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, तो धवला. आणि तो गाणारी बाई ती धवलारीण. शेजारच्या आळीत राहणारी माझी आत्या गेली पन्नास वर्षं गावाची धवलारीण. तिला लिहिता-वाचता येत नाही, सगळं तोंडपाठ.

दोन वर्षांपूर्वी मीच तिच्यामागे लागलो होतो. "आत्या, माणसाच्या डोक्याचा काय भरवसा? आज आहे, उद्या नाही. कॉम्प्युटरवर ठेवू."

"ठेव बाबा," ती म्हणाली. "पन तुजा डबा हलदीला गाईल का रं?"

दर रविवारी मी फोन घेऊन तिच्या ओट्यावर जायचो. ती गायची. पण तिची सून सुगंधावहिनी, टिटवाळ्याहून येणारी तिची लेक बेबीताई आणि शेजारच्या हिराकाकू, या तिघीही तिथेच बसायच्या आणि मागून गुणगुणायच्या. मी भडकायचो. "अहो, आवाज येतो! रेकॉर्डिंग चालू आहे! आत बसा!" बिचाऱ्या निमूट आत जायच्या. असे चाळीस धवले मी स्वच्छ, शुद्ध, गुणगुण-विरहित रेकॉर्ड केले. स्वतःवर फार खूश होतो तेव्हा.

मग गेल्या दिवाळीत आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ती नुसती कुजबुजते. त्यातच तिच्या नातीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं. आत्याने मला जवळ बोलावलं आणि कानाशी म्हणाली, "तिच्या हलदीला माजाच धवला पायजे. तू हाईस ना?"

"आत्या, बॅकअप आहे!" मी छाती ठोकून सांगितलं.

आणि तो होताही! कॉम्प्युटरच्या पडद्यावर सी आणि डी असे दोन ड्राइव्ह दिसायचे. मी सगळे धवले सीवर ठेवले, त्यांची नक्कल डीवर ठेवली, आणि एवढी चोख व्यवस्था आहे म्हणून फोनमधले उडवून टाकले. (फोनमध्ये जागा हवी होती. परीक्षेचे व्हिडिओ होते.)

परीक्षेला सहा दिवस होते, हळदीला सात. रविवारी दुपारी जेवून मी सरावाला बसलो. पाठ होता: सर्व्हर पहिल्यापासून नव्याने उभा करणे. पडद्याने विचारलं, या डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल? मी म्हटलं, जाऊ दे की, डीवर आहे! ठोकलं 'हो'.

सर्व्हर झकास उभा राहिला. मी डी उघडायला गेलो. डी नव्हताच.

खोका एक, आत डिस्क एक. सी आणि डी म्हणजे एकाच खोलीत मधे घातलेली प्लायवूडची भिंत. आणि मी अख्खी खोलीच पाडली होती! हेच, अगदी हेच मी शुक्रवारी ऑफिसातल्या जोशीबाईंना दटावून समजावलं होतं. वर 'एवढं साधं कळत नाही?' असंही म्हणालो होतो.

"चेहरा का असा झालाय?" मनीषाने विचारलं.

"धवले गेले."

"कुठे?"

"कुठेच नाही."

"पण बॅकअप होता ना?"

"तोही गेला."

"मग त्याला बॅकअप का म्हणायचं?"

(हा प्रश्न परीक्षेत आला असता तर मी तिथेच नापास!)

गेलेल्या फाइली शोधणारा एक प्रोग्राम संध्याकाळपर्यंत चालवला. चाळिसातली एक फाइल हाती लागली. लगेच लावली. तीन सेकंद आत्याचा तो जुना, खणखणीत आवाज, आणि मग दणदणीत मी: "अहो, आवाज येतो! आत बसा!" संपलं. पन्नास वर्षांच्या ठेव्यातून मी काय वाचवलं, तर मला!

सोमवारी मी आत्याची आळी टाळून लांबच्या रस्त्याने स्टेशनला गेलो. मंगळवारी तिने मांडवाची जागा बघायला बोलावलं, तर पोट बिघडल्याचं सांगितलं. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की आरशात बघून दाढीसुद्धा करवेना. शेवटी बुधवारी मनीषानेच मला धरून नेलं.

ओट्यावर चौघी बसल्या होत्या, तांदूळ निवडत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पार्टिशन, डिस्क, प्लायवूड, सगळं. कुणाला काही कळलं नाही. 'गेलं' तेवढं कळलं.

"सगले?" आत्या कुजबुजली.

"एक सोडून."

"लाव."

फोनवर लावावं लागलं. तीन सेकंद आत्या, आणि मग तो मेला मी! "आत बसा!" आत्याचे डोळे भरून आले. जमीन दुभंगावी असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात सुगंधावहिनींनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि जिथे मी ओरडलो होतो तिथून पुढची ओळ धरली. हिराकाकूंनी मागून साथ दिली. बेबीताईने एका ठिकाणी वहिनींना चुकीवरून थांबवलं, सुधारलं आणि पुन्हा सुरू! अख्खा धवला झाला. मी तोंड उघडं टाकून उभा.

"वहिनी, तुम्हाला येतो?"

"येनारच! तुमीच नाय का आमाला आत बसवलं? आत बसून काय भिंती बघाव्या? ऐकलं, म्हनलं. मग आयनी दर सोमवारी घोकून घेतलं. चालीस येतात."

"आत्या, मला सांगितलं का नाहीस?"

आत्याने डोळे पुसले. "तुज्या डब्याचा काय भरवसा, पोरा," ती कुजबुजली. "आज हाय, उद्या नाय." मग जरा थांबून म्हणाली, "माजा आवाज गेला तो गेला. धवला नाय गेला." मला तिथेच रडू आलं. त्या तीन सेकंदांपलीकडे तिचा आवाज परत कुणालाच ऐकू येणार नाही, आणि ते माझ्यामुळे. ही लाज आजही गेलेली नाही.

शनिवारी परीक्षेत प्रश्न आला: बॅकअप कसा ठेवावा? उत्तर: तीन प्रती, वेगवेगळ्या जागी, त्यातली एक घरापासून लांब. माझ्या डोळ्यांपुढे सुगंधावहिनी, हिराकाकू आणि टिटवाळ्याची बेबीताई उभ्या राहिल्या. मार्क तिथेच मिळाले.

दुसऱ्या दिवशी हळद दणक्यात झाली. तिघी गायल्या, आत्या मधे बसून हाताने ठेका देत होती. मी खुर्च्या उचलत होतो. मांडवात कुणी गलका केला की प्रणाली नवरीच्या मानाने माझी ती फाइल स्पीकरवर लावायची: "आत बसा!" लोक खरंच बसायचे.

पुढे प्रमाणपत्र आलं. मनीषा म्हणाली, "हे तरी नीट ठेव." मी तीन झेरॉक्स काढून आत्याला नेऊन दिल्या. तिने एक सुनेला दिली, एक हिराकाकूंना, आणि एक बेबीताईबरोबर टिटवाळ्याला पाठवली.

बरं केलं. मूळ प्रमाणपत्र गेल्या आठवड्यापासून मला सापडत नाहीये.