मामाच्या बगीच्यातले तुटते तारे
संत्र्याच्या सालीचा वास आला की मले डिसेंबरातली ती रात्र आठवते. शेंदूरजनाघाटले मामाच्या बगीच्यात आमी सारे सतरंजीवर आडवे पडलो होतो, शेकोटीत साली जळून रायल्या होत्या, अन् वर एकामागून एक तारे तुटत होते. एरवी त्या घरात हसवायचं काम माझंच. मामाची खोकल्यासकट नक्कल केली की साऱ्यायचं पोट दुखे. पण त्या रात्री पुण्याचा मावसभाऊ आला होता. "तारा तुटत नाही मामी, ती उल्का असते," तो म्हणे, अन् मामी आभाळ सोडून त्याच्याच तोंडाकडे पाहे. मले कोणी विचारेना. माझा लय जळफळाट झाला. मग मी उठलो, साऱ्यायच्या समोर उभा रायलो अन् त्याच्यासारखं नाकातून सुरू केलं, "अगं आई गं, केवढी ही उल्का!" तसे सारे एकदम उठून बसले. "अरे बाप रे!" म्हणत मामानं टाळीच वाजवली. मी छाती फुगवली, कमरेत वाकून नमस्कार केला. तर मामी ओरडली, "बाजूले सर ना बाप्पा, मधातच कावून उभा रायला!" त्या रात्रीची सगळ्यात मोठी, हिरवट उल्का माझ्या पाठीमागून गेली होती. "दिसली ना तुला?" मावसभावानं विचारलं. "दिसली न," मी म्हटलं. आता त्या भावाचा मले राग येत नाही. तो तारा मात्र अजून सलते. एक शब्द न बोलता आला, अन् माझी टाळी घेऊन गेला.