लॅमिनेट केलेला दाखला

आमच्या काल्हेरच्या घरात महत्त्वाचा कागद आला की आधी तो लॅमिनेट व्हायचा. खाडीच्या ओलीने कागदाला बुरशी धरते, म्हणून सगळ्यांना ही सवयच. रेशनकार्ड, सातबारा, मुलीचे शाळेचे दाखले, सगळं प्लास्टिकमध्ये. नवरा गेला तेव्हा त्याच्या मृत्यूचा दाखलाही दिराने लगेच लॅमिनेट करून आणला. आणि त्याच दिवशी कागदांची रेक्झिनची पिशवी स्वतःच्या घरी नेली.

पिशवीत माझ्या गोदामाचे कागद होते. नवऱ्याच्या वाटणीचं गोदाम, आता माझ्या नावावर. भाडं खात्यात यायचं, पण कर किती कापला, रिटर्नमध्ये काय लिहिलं, मला पत्ता नाही. दीर बोट ठेवेल तिथे सही ठोकायची. दोन वर्षं ठोकली. तिसऱ्या वर्षी डोकंच फिरलं. सरळ त्याच्या ओटीवर जाऊन म्हटलं, "भाऊजी, माझी पिशवी द्या. यंदा रिटर्न मी भरणार."

"वयनी, ते काय भाकऱ्या थापायचं काम हाय?" तो हसला. मी हलले नाही, तेव्हा पिशवी पुढे सरकवली. "बरं, भर. पण एकतीस जुलैपर्यंत पावतीवर शिक्का न्हाय दिसला तर पिशवी परत माझ्याकडं. मंग कधी मागायची न्हाय."

"चालेल," म्हटलं. पिशवी काखेत मारून घरी आले.

चार फायली आणल्या, दोन भोकं पाडायचं पंचिंग मशीन आणलं. घरपट्टी, लाईट बिलं, बँक, गोदाम, सगळं तारखेवार लावलं. "आई, आता मलाही पंच करशील," मुलगी म्हणाली. रिटर्न तेव्हा कागदावरच भरायचं; तो एकपानी फॉर्म तीनदा पेन्सिलने भरला, तीनदा खोडला.

गोदाम एका ट्रान्सपोर्ट कंपनीने घेतलं होतं. भाड्यातून कर कापल्याचा दाखला त्यांनी पाठवला आणि मी काय करावं? भिवंडीत गेले आणि झकास लॅमिनेट करून आणला!

एकोणतीस तारखेला आयकर कचेरीच्या खिडकीवर कारकुनाने तो उलटसुलट केला. "बाई, हे काय केलंत? मूळ दाखला फॉर्मला जोडायचा असतो. याला पिन कशी मारू?" त्याने कडेला शिक्का मारून दाखवला आणि अंगठ्याने पुसूनही दाखवला. मागची माणसं हसली. लाजेने कान तापले माझे.

घरी येऊन ब्लेडने प्लास्टिक सोलायला घेतलं, तर आकडेच प्लास्टिकबरोबर निघून आले. रडले. स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. मग तोंड धुतलं आणि साध्या कागदावर अर्ज लिहिला: मूळ दाखला खराब झाला, दुसरी प्रत द्यावी.

सकाळी दहाला मानकोलीला, कंपनीच्या ऑफिसात. "भाभी, सेठजी बंबई में हैं. सोमवार को आओ," हिशेबनीस म्हणाला.

"सोमवार को क्या तुम्हारा सर फोडूँ? कल आखरी तारीख है." मी बाकावर बसले. समोर ट्रक भरत होते, रिकामे होत होते. हिशेबनीस दोनदा चहा घेऊन आला, दोनदा म्हणाला की आज होणार नाही. मी दोन्ही चहा प्यायले आणि बसून राहिले. गोदाम माझं, कर माझा कापलेला, मग मी का उठू? चारच्या सुमाराला त्याने कंटाळून सेठला फोन लावला. पाचला दुसरी प्रत हातात पडली.

एकतीसला खिडकीवर तोच कारकून. दाखला पाहिला, पिन मारली, पोचपावतीवर शिक्का दाणकन उमटला. मी अंगठ्याने चोळून पाहिला. पुसला नाही.

संध्याकाळी दीर पिशवी न्यायलाच आला होता. दारातच मी पावती पुढे धरली. त्याने ती उजेडात नेली, तारीख वाचली, माझं नाव वाचलं. मग जपून परत देत म्हणाला, "लॅमिनेट करून ठेव हां वयनी, नायतर ओल लागंल."

नवरा गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते. हसता हसताच पावती पंचिंग मशीनमध्ये सरकवली आणि त्याच्यादेखत दोन भोकं पाडली.